उंबरघोळच्या सुना सड्यावर हाक का मारतात

उंबरघोळ गावाच्या डोक्यावर जो सडा आहे, त्याला हाकेचा सडा म्हणतात. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट मैदान. उन्हाळ्यात तिथे अनवाणी पाय टेकवत नाही, आणि भादव्यात तोच कातळ फुलांनी इतका झाकून जातो की चालायचं कुठून ते कळत नाही. फुलं बघायला हल्ली लांबलांबून गाड्या येतात. मंडळी फोटो काढतात, भाजलेली कणसं खातात, आणि कड्यापासून पन्नास पावलांवर असलेला एक चपटा, पायांनी गुळगुळीत झालेला धोंडा पाहून विचारतात, ‘‘हा कुठला देव?’’

देव नाही तो. त्याला शेंदूर नाही, त्याच्यापुढे नारळ फुटत नाही. तो नावधोंडा. गावचे दत्तोबा गुरव पाहुण्यांना तसं सांगतात, आणि गावात येणारी प्रत्येक सून पहिल्यांदा या धोंड्यावर उभी राहून आपलं नाव हाक मारून सांगते, असंही सांगतात. त्यावर कुणीतरी हसतंच. दत्तोबांना त्याची सवय आहे. ‘‘हसा की,’’ म्हणतात, ‘‘पर बसून हसा. गोष्ट लांबलचक हाय.’’ आणि मग स्वतःच आधी बूड टेकतात.

ही गोष्ट किती जुनी, ते कुणाला ठाऊक नाही. त्या काळी म्हणे उंबरघोळात प्रत्येक घराचं थोरल्या सुनेसाठी एकच नाव ठरलेलं असे. शेडगे पाटलांची थोरली सून भागीरथी, गुरवांची पार्वती, खालच्या आळीतल्या कदमांची अन्नपूर्णा. पिढी बदलली तरी नाव तेच. घरातला तांब्याचा हंडा जसा सासूकडून सुनेकडे जातो, तसं नावही जायचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ते नाव लिहायचं, आणि नवरीने देवीपुढे शपथ घ्यायची की माहेरचं नाव यापुढे तोंडातून काढणार नाही. काढलं तर कुंकवाला धक्का लागतो, असा धाक होता. कुंकवाचा धाक घातल्यावर कोण बाई तोंड उघडणार? माहेरची नावं तशीच पोटात राहिली आणि बायकांबरोबर सरणावर गेली.

शेडग्यांच्या घरी पाटलीणबाईंना भागीरथी होऊन तीस वर्षं झाली होती. बाई खमकी. पाटील गावाला दरडावत आणि पाटलीणबाई पाटलांना, असं लोक म्हणत. त्यांच्या थोरल्या मुलाचं वैशाखात लग्न झालं आणि खोऱ्यापलीकडची एक मुलगी सून होऊन आली. ताटात नाव लिहिलं, भागीरथी. पाटलीणबाई त्या दिवसापासून मोठी भागीरथी झाल्या.

नवी सून पाच दिवस सासरी राहिली. त्यातल्या एका दिवशी चुलीपाशी बसून ती सहज बोलून गेली, ‘‘आत्याबाई, आमच्याकडं मला...’’ पुढे नाव येणार, तोच पाटलीणबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

‘‘शू! ते नाव माहेरच्या उंबऱ्यावर ठिवून यायचं असतं, पोरी. म्याबी ठिवलंय.’’

पोर पाच दिवस सरल्यावर माहेरी गेली आणि भादव्यात पहिल्या गौरीसाठी परत आली, ती गौर येण्याच्या आदल्याच दिवशी.

उंबरघोळात गौर म्हणजे तेरडा. सड्यावरचा मुळासकट उपटलेला तेरडा घरी आणायचा, त्याला लुगडं नेसवायचं, मुखवटा चढवायचा. नव्या सुनेने आपल्या हाताने तेरडा आणायचा, हा मान. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाई, सून आणि गावच्या आणखी सहा बायका सड्याची वाट चढल्या. अर्ध्या वाटेवर पाटलीणबाईंनी सुनेला बजावून सांगितलं.

‘‘वर धुई उतरली तर हाय तिथंच बसायचं. कुनी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई. धुईत चकवा असतो. भलत्याच नावानं हाका मारतो आन् कड्याकडं न्हेतो. आपलं मानूस आसंल तर आपल्या नावानं बोलवंल.’’

‘‘आन् चकवा कसा वळखायचा?’’

‘‘त्याला स्वतःचं नाव नसतं. दुसऱ्याचं घेतो, स्वतःचं कधी सांगत न्हाई.’’

सून मान हलवून पुढे गेली. नवी होती, हौशी होती. सगळ्यांपेक्षा उंच तेरडा हवा म्हणून फुलांमधून पुढे पुढे सरकत राहिली. आणि धुई आली, दाट धुकं. भादव्यातली धुई काही सांगून येत नाही. खोऱ्यातून वर चढली, बघता बघता सडा गिळला, आणि बायकांना आपलीच ओंजळ दिसेना. एकमेकींचे पदर धरून सगळ्या वाटेच्या तोंडाशी जमल्या. पाटलीणबाईंनी हाताने चाचपून मोजलं. सात होत्या. आठवी नव्हती.

एक जण धावत खाली गेली आणि पुरुषमाणसांना घेऊन आली. पाटील आले, मुलगा आला, कदम आले, गुरव आले, बाकीच्या बायकांचे नवरे आले, दोरखंड आले. पण आत शिरायचं कुठे? धुईत सडा कुठे संपतो आणि कडा कुठे सुरू होतो ते पाय टाकल्याशिवाय कळत नाही, आणि पाय टाकल्यावर कळून उपयोग नसतो. गेल्याच साली दोन म्हशी तशाच गेल्या होत्या. एकदा बसलेली धुई दोन-दोन दिवस उठत नसे.

पाटलांनी छाती भरून हाक दिली, ‘‘भागीरथीऽऽ!’’

उत्तर नाही. मग सगळ्यांनी मिळून हाका सुरू केल्या. भागीरथी! अगं भागीरथी! मुलाने तर घसा बसवून घेतला. प्रत्येक हाकेनंतर सगळे कान देऊन ऐकत. पाटलीणबाईंना मात्र वेगळंच काही ऐकू आलं. हाक गेली की लांबवर खडी वाजत होती, कुणीतरी पाय सरकवावा तशी. आणि दर हाकेला ती आणखी लांब वाजत होती, कड्याच्या बाजूला.

‘‘थांबा!’’ त्या ओरडल्या. ‘‘हाका थांबवा! पोर आपल्यालाच भ्यालीया!’’

पाटील चिडले. ‘‘खुळी का काय? घरच्यांचा आवाज तिला कळत न्हाई?’’

‘‘कसा कळंल? किती बोललाय तुमी तिच्यासंगं?’’

बोलणं खरं होतं. पाच दिवस पोर सासऱ्यापुढे पदर घेऊन, दिरापुढे मान घालून वावरली होती. नवरा बोलला असेल तर तोही कुजबुजत. त्यातून धुईत आवाज बदलतो, कुठून येतो ते उमगत नाही. आणि भागीरथी हे नाव तिच्या अंगावर अजून बसलंच नव्हतं. तिच्या लेखी एक परका आवाज भलत्याच बाईला बोलावत होता. तिच्या सासूने सकाळी बजावलं होतं, तस्संच.

‘‘तिचं नाव काय?’’ पाटलीणबाईंनी मुलाला विचारलं. ‘‘माहेरचं?’’

मुलगा खाली बघू लागला. पाटलांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, ‘‘मोहित्यांची थोरली पोर म्हनून मागनी घातली. नाव कशाला विचारतोय? इथं बदलायचंच हुतं की.’’ तिचं माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. सगळ्या गावात त्या पोरीचं नाव ठाऊक असलेलं एक माणूस नव्हतं. ते ऐकायची वेळ एकदाच आली होती, चुलीपाशी, आणि तेव्हा पाटलीणबाईंनी आपल्या हाताने तिचं तोंड दाबलं होतं. तो हात त्यांना आता आपला वाटेना. माझी पोर माझ्याच शिकवणीने मरणार, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

बसल्या त्या धोंड्यावर, असं सांगतात.

आणि बसल्या बसल्या त्यांना आपलंच बोलणं आठवलं. चकवा स्वतःचं नाव कधी सांगत नाही. मग जो स्वतःचं नाव सांगेल तो चकवा नव्हे, माणूस. सांगायला हवं. पण कोणतं? भागीरथी सांगून उपयोग नव्हता, त्याच नावाला पोर बिचकत होती. दुसरं नाव होतं, पण ते तीस वर्षांपूर्वी शपथ घालून पुरलेलं. चार हातांवर नवरा उभा होता. बाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा धुईकडे पाहिलं, आणि ती धोंड्यावर उठून उभी राहिली.

‘‘मी राही!’’ बाईने हाक दिली. ‘‘पोरी, मी राही हाय! पाडळीच्या तुकारामाची राही!’’

पाटलांचा आ वासलेला राहिला. तीस वर्षं संसार केला, पण हे नाव त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. धुईतून उत्तर आलं नाही. पण खडीही वाजली नाही. पोर थांबली होती.

मागे गुरवांची पार्वती उभी होती, राहीपेक्षाही म्हातारी. तिने पदर कमरेला खोचला आणि धोंड्याशेजारी येऊन ओरडली, ‘‘मी ठकू!’’ मग कदमांची अन्नपूर्णा म्हणाली, ‘‘मी हौसा!’’ मग बाकीच्या, एकीमागून एक. मी गजरा. मी साळू. मी तुळसा. एकीला आपलं नाव चटकन आठवेना, ती रडायला लागली, आणि मग रडत रडतच तिने सांगितलं, मी येसू. वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं न उच्चारलेली नावं सड्यावर घुमली.

आणि मग धुईतून, अगदी बारीक आवाजात, आलं, ‘‘मी... मी सुंद्रा!’’

‘‘सुंद्रा!’’ राही ओरडली. ‘‘सुंद्रा, हलू नगंस! नुसतं नाव घेत ऱ्हा, बाई, मी आले!’’

दोरखंड कमरेला बांधून राही स्वतः आत गेली. मुलगा पुढे झाला होता, त्याला तिने मागे ढकललं. तिने सांगितलेलं तिनेच निस्तरायला हवं होतं. सुंद्रा, सुंद्रा म्हणत ती हातांनी चाचपत, गुडघ्यांवर सरकत गेली, आणि पलीकडून पोर मी सुंद्रा, मी सुंद्रा म्हणत राहिली. सापडली तेव्हा कडा तिच्या पाठीमागे दोन हातांवर होता. तेरडा मात्र तिने छातीशी घट्ट धरलेला, एक रोप सोडलं नव्हतं.

राहीने तिला ओढून मिठीत घेतलं. आधी पाठीत एक धपाटा घातला, मग मुके घेतले. वाटेच्या तोंडाशी आल्यावर पोर हुंदके देत म्हणाली, ‘‘आत्याबाई, ती राही कोन? तिच्यामुळं वाचले मी.’’

‘‘मीच गं बाई. मीच ती.’’ आणि राहीला इतकं हसू आलं की तिला परत खाली बसावं लागलं.

तेवढ्यात बायकांना शपथ आठवली. सगळ्या घाबरून आपापल्या नवऱ्यांकडे बघू लागल्या. सातही कुंकवं समोर उभी होती, धडधाकट. त्यातलं एक तर धुईने सर्दी होऊन शिंकत होतं. ठकू म्हणाली, ‘‘ह्यास्नी काय हुतंय? आपुनच उगं इतकी वरसं मुकाट ऱ्हायलो.’’ आणि बायका हसल्या ते डोंगर उतरेपर्यंत हसतच होत्या.

पाटलांनी वाटेत एकदा विचारून पाहिलं, ‘‘मग घराच्या नावाचं काय?’’

‘‘घराचं नाव शेडगे. त्येवढं बास हाय की,’’ राही म्हणाली. ‘‘पोरीचं पोरीला ऱ्हाऊ द्या.’’

गौर घरात आली, लुगडं नेसली, आरती झाली. दुपारी पाटील स्वयंपाकघराच्या दारात आले, घुटमळले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, ‘‘राही, जरा पानी दे.’’

तिने पाठ फिरवून तांब्या भरला. भरायला फार वेळ लागला, असं म्हणतात. डोळे पुसल्याशिवाय वळायचं कसं, हा प्रश्न होता.

त्या वर्षीच्या मार्गशीर्षात गावात पुढचं लग्न झालं, तेव्हा गौरीच्या त्या सात बायका नव्या नवरीला घेऊन आधी सड्यावर गेल्या. तिथून रीत पडली. आजही उंबरघोळात नवरी आली की घरात पाऊल टाकण्याआधी तिला नावधोंड्यापाशी नेतात. गावातल्या जमतील तेवढ्या सुना येतात. सगळ्यांत म्हातारी सुरुवात करते, शेवटी सासू आपलं नाव सांगते, आणि मग नवरी धोंड्यावर चढते. ती जे नाव हाक मारून सांगेल तेच तांदळात लिहायचं. खाली गावात पुरुषमंडळी ताट घेऊन बसलेली असतात. हाक नीट ऐकू आली नाही तर पुन्हा वर विचारून पाठवतात, आपल्या मनाने लिहीत नाहीत.

दत्तोबा गुरव इथे थांबतात, आणि पाहुणे उठू लागले की स्वतःच्या घरातलं सांगतात. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, ती मुलगी तिच्या माहेरी लागोपाठ चौथी लेक. आईबापांनी नाव ठेवलं होतं नकुशी. शाळेच्या दाखल्यावर तेच, लग्नपत्रिकेत तेच. ती धोंड्यावर चढली आणि तोंडातून शब्द फुटेना. बायका थांबल्या. दत्तोबांची बायको धोंड्याशेजारून म्हणाली, ‘‘सावकाश, बाई. कुनाला घाई न्हाई.’’ मग त्या मुलीने दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि खोऱ्याला सांगितलं, ‘‘मी आनंदी!’’

गावात त्याआधी कुणी तिला त्या नावाने ओळखत नव्हतं. पत्रिकेत काय छापलंय, असं खाली ताट घेऊन बसलेल्यांपैकी एकानेही विचारलं नाही. दत्तोबांनी अंगठी घेतली आणि तांदळात लिहिलं, आनंदी.