कोरी फाईल

“माझी पद्धत जास्त चांगली असताना मी मानक का पाळायचं, बाई?”

निनादचा आवाज नम्र होता, प्रश्न मात्र नव्हता. दोन वर्षं खपून त्यानं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती आणि ती दाखवायला तो वाईला बर्वेबाईंकडे आला होता. प्रोग्रामिंगचे पहिले धडे त्यानं त्यांच्याकडेच गिरवले होते.

मानक, म्हणजे सगळ्या सिस्टिमनी पाळायचे ठरलेले नियम, सांगतं, प्रोग्रामनं मागितलेली फाईल नसेल तर सिस्टिमनं सरळ ‘नाही’ म्हणावं. निनादला हा कोरडेपणा वाटे. त्याची सिस्टिम कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नसे. फाईल नसली तर तिथल्या तिथं नवी करून देई.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्या पाटबंधारे कचेरीतले जुने सहकारी इनामदार यांनी लिहिलेला एक प्रोग्राम त्यांनी त्याला चालवायला दिला. नदीची पातळी सांगणारा.

प्रोग्रामनं आजच्या नोंदीची फाईल मागितली. ती अजून आलेली नव्हती. निनादच्या सिस्टिमनं लगेच एक कोरी फाईल पुढं केली.

पडद्यावर उमटलं : पातळी शून्य.

बाई उठल्या. खिडकी उघडली.

खाली घाटाच्या पायऱ्या बुडवून कृष्णा दुथडी वाहत होती...

निनाद खिडकीशी आला. मग म्हणाला, प्रोग्राममध्येच एक ओळ वाढवली की भागेल. फाईल कोरी आहे का, ते त्यानं तपासून घ्यावं.

“इनामदारांना सांग तसं.”

इनामदारांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. निनादला ते ठाऊक होतं.

...

मानकाच्या भरवशावर लिहून गेलेले असे आणखी किती असतील, याचा त्याला अंदाज येईना. तो खुर्ची ओढून बसला. कोरी फाईल करून देणाऱ्या ज्या चाळीस ओळींचा त्याला सर्वांत जास्त अभिमान होता, त्या त्यानं एकेक करून पुसल्या.

प्रोग्राम पुन्हा चालवला. या वेळी त्याला ‘नाही’ मिळालं. तसा, इनामदारांनी लिहून ठेवल्याप्रमाणे, प्रोग्राम आपणहून कालच्या नोंदीकडे वळला. पडद्यावर आलं : आजची नोंद नाही. कालची पातळी अकरा फूट.

बाईंनी चहा टाकला. दोघं खिडकीपाशी बसून प्याली. कितीतरी दिवसांनी निनादला हलकं वाटत होतं. तो स्वतःशीच हसला.

“दोन वर्षं राबून माझी सिस्टिम शेवटी काय शिकली, तर ‘नाही’ म्हणायला.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“फाईल आहे की नाही, इनामदारांनी तेवढंच विचारलं होतं.”