हलव्याचा जड मुकुट

एक होती वेणू. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिला झाला एक भाऊ, आणि बघता बघता त्याची पहिली संक्रांत आली.

पहिल्या संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण असतं, बरं का. बाळाला काळं झबलं घालायचं, अंगावर हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतायचे, जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. आणि शेवटी दागिनेसुद्धा सोडवून वाटून खायचे.

आई म्हणाली, "वेणू, मुकुट तू कर हो. बहिणीच्या हातचा."

मग वेणू बसली. पहिल्या दिवशी परातीत तीळ घेतले, खाली मंद निखारे. चमचाभर पाक घालायचा, बोटांनी हलवायचं. परत चमचाभर, परत हलवायचं. बोटं पोळली. दुसऱ्या दिवशी हलव्याला काटा आला, पांढराशुभ्र. तिसऱ्या दिवशी एकेक दाणा दोऱ्यात गुंफला. स्वतः एकही चाखला नाही, हं. कमी पडला तर?

संक्रांत आली. बाळ पाटावर बसलं, मुकुट डोक्यावर चढला, बोरं लुटून झाली.

मग शेजारची गोदू म्हणाली, "वेणूताई, मुकुटाचा एक दाणा दे ना."

"नाही. मोडेल तो."

मुकुट जरा जड झाला. कुणाला कळलं नाही. बाळाची मान तेवढी डुगडुगली.

मग धनगराचा मल्हारी म्हणाला, "मला तरी?"

"तुला तर मुळीच नाही! मघाशी निम्मी बोरं तूच पळवलीस."

मुकुट आणखी जड झाला. बाळाची हनुवटी छातीला टेकली.

मग दारातली एक चिमुरडी पुढे आली. तिने नुसता हात पसरला. वेणूने तोंड फिरवलं.

आणि बाळ पाटावर वाकलं, किंचाळलं.

आईने मुकुट उचलायला हात घातला. हलेना. बाबांनी दोऱ्याला कात्री लावली. कात्रीच वाकली. मग पैलवान मामा आला दंड थोपटत. कपाळाची शीर फुगली त्याची. म्हणाला, "अगं ताई, मूठभर साखर ही, आणि मला दाद देत नाही!"

बाळाचं रडणं बारीक बारीक होत गेलं. वेणूला काय करावं सुचेना. ती चिमुरडी अजून हात पसरून तशीच उभी होती. वेणूने मुकुटाचा एक दाणा ओढला. तो अलगद हातात आला. तिने तो त्या तळहातावर ठेवला.

बाळाने मान बोटभर उचलली.

मग वेणू थांबली नाही. एक मल्हारीला, एक गोदूला, मग येईल त्याला. दाणे गेले तसा मुकुट हलका झाला. शेवटी बाळाच्या डोक्यावर नुसता दोरा राहिला आणि त्याच्या मुठीत एक दाणा. तो त्याने वेणूच्या तोंडात कोंबला, लाळेसकट.

आपल्या हातचा हलवा वेणूने तेव्हा पहिल्यांदा चाखला.

मग दर संक्रांतीला ती मुकुट करायची, आणि दर संक्रांतीला तो संपायचा. सगळी सुखात राहिली. चला, आता डोळे मिटा. आणि मुठी उघड्या ठेवून झोपा बरं.