शेवंतीचं ऊन

झाडंझुडपं माणसांशी मोकळेपणाने बोलत, त्या काळातली ही गोष्ट. कावेरीबाई माळणीच्या बागेत शेवंती आणि तुऱ्याचं गवत शेजारी शेजारी वाढत होती. बहर आला तशी शेवंती म्हणाली, "माझी फुलं दरवर्षी देवीच्या गळ्यात जातात. तुझं आपलं नुसतं झुलणं चाललेलं असतं."

"वारा आला की झुलावंसं वाटतं," गवत म्हणालं.

शेवंतीने कावेरीबाईंना सांगितलं, "हे गवत उपटून टाका. माझं ऊन अडवतं."

"आज देवीची पालखी आहे. आधी हार होऊ दे, उद्या कुदळ आणते," कावेरीबाई म्हणाल्या.

त्यांनी परडीभर फुलं खुडली आणि हार बांधायला बसल्या. बघतात तर फुलं बांधायला ठेवलेली केळीच्या सोपटाची जुडी शेळीने खाऊन टाकलेली. पालखी वेशीपाशी आली होती. सुटी फुलं वाहिली तर ती पायदळी जाणार, हे शेवंतीला कळलं. तिने मान खाली घातली.

"माझी पाती घ्या," गवत म्हणालं. "चिरून भिजवलीत की दोऱ्यासारखी वळतात."

कावेरीबाईंनी पाती कापून भराभर गाठी मारल्या. हार देवीच्या गळ्यात पडला. पालखी हलू लागली, तसं एक फूल पात्याला हळूच म्हणालं, "जरा घट्ट धर."

दुसऱ्या दिवशी कावेरीबाई कुदळ घेऊन आल्या.

"कुदळ कशाला आणलीत?" शेवंती म्हणाली. "मला ऊन पुरतं."