डबा दाखव

"म्हणजे आईनं फोन करायचाच नाही?" मी विचारलं.

आप्पा समोरच्या चिठ्ठ्या चाळत राहिले.

आप्पा माझ्या लेकीच्या, शाल्मलीच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. आता ते गावाबाहेरच्या मठात राहतात. मधल्या सुट्टीत मोबाईल असावा की नसावा, यावर शाळेनं मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या आणि वाचायला आप्पांकडे पाठवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पालकसभा. आप्पा म्हणतील तसं ठरणार होतं.

मी मोबाईलच्या बाजूनं भांडायला गेले होते. सोबत शिऱ्याचा डबा. लाच नाही ही, असं वाटेत मी स्वतःला दोनदा बजावलं.

"शाल्मलीचं वजनच वाढत नाही, आप्पा. सातवीत आहे, दिसते चौथीतली. सुट्टी अकराला होते. अकरा दहाला मी व्हिडिओ कॉल करते. 'डबा दाखव' म्हणते. तिनं रिकामा डबा दाखवला की मग कुठे माझ्या घशाखाली चहा उतरतो."

"रोज रिकामा?"

"रोज! अगदी चाटूनपुसून."

हे सांगताना माझी मान जरा ताठ झाली असावी.

आप्पा उठले. माझा डबा घेऊन आत गेले. थोड्याच वेळात परत आले आणि दारातूनच डबा माझ्याकडे तिरका धरला. आत कणही नव्हता.

"अगंबाई! संपवलात पण?"

मला बरं वाटलं. खरंच खूप बरं वाटलं.

आप्पा बसले. गठ्ठ्यातली एक चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"मोठ्यानं वाच, केतकी."

"'मधल्या सुट्टीत मोबाईल बंद करा. आईचा फोन अकरा दहाला येतो. मी हळू खाते. तोवर डबा रिकामा दिसायला हवा, म्हणून...'"

मी थांबले.

लिहिणारीचा 'ख' विचित्र होता. र वेगळा, व वेगळा. 'खाते'चं 'रवाते' झालं होतं. गेली तीन वर्षं मी एका मुलीला याच 'ख'वरून ओरडते आहे.

"वाच."

"'...म्हणून मी पोळीभाजी गुलमोहराखाली टाकते. रिकामा डबा बघून आई खूश होते. मग शाळा सुटेपर्यंत मला खूप भूक लागते.'"

खूश. खूप. दोन्हीकडे तोच 'ख'.

"आप्पा, ही... ही माझी..."

आप्पांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. घडी घातली. गठ्ठ्यात परत ठेवली.

"नाव नाही तिच्यावर."



मागच्या अंगणात कावळ्यांनी कालवा मांडला होता. बहुतेक मघापासूनच. मला तो आत्ता ऐकू आला.



"आप्पा... शिरा तुम्ही खाल्लात ना?"

"डबा रिकामा दाखवला ना मी तुला?"