सरावाची ओळ

“…ते राहू दे. काल काय बदललंस?” अत्तार सरांनी विचारलं.

“काहीच नाही,” सौमित्र म्हणाला.

सरांनीच त्याला हे काम शिकवलेलं. हल्ली तो त्यांना काही विचारत नसे. रक्तपेढीचा सर्व्हर आपल्याइतका कुणाला कळत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

आज मात्र त्यानं घाबरून सरांना बोलावून घेतलं. दवाखान्यांना ‘मागणी नोंदली’ असा निरोप जात होता आणि पेढीत काहीच येत नव्हतं. अकराला एका दवाखान्याचा वैतागून फोन आला, तेव्हा कुठे कळलं. तिथल्या एका बाळंतिणीसाठी रक्ताच्या पिशव्या तेवढ्या गेल्या. ज्यांनी फोन केला नव्हता, ते अजून वाट बघत होते.

सौमित्र सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ वर न्यायचा, खाली आणायचा, सर्व्हर पुन्हा चालू करायचा. दोन मोड्यूल, म्हणजे सर्व्हरचे सुटे प्रोग्राम, मागणी खरी की सरावाची हे ठरवणाऱ्या एकाच व्हेरिएबलवर हक्क सांगत होती. एक तिथे ‘खरी’ लिहायचं, दुसरं ‘सराव’. दर वेळी ‘सराव’च उरायचं.

“मोड्यूलच बिघडलंय, सर.”



सरांनी स्क्रीन बंद केला. टेबलावरचा फोन आणि बत्तीस दवाखान्यांची यादी त्याच्यापुढे सरकवली.

“एकेकाला विचार. सकाळपासून कुणासाठी रक्त मागितलंत?”

सौमित्रनं पहिला नंबर अर्धा फिरवला. बोट थांबलं. बत्तीस फोन व्हायला दुपार उलटली असती.

“सर… काल नर्सबाईंना शिकवायला मी ‘सराव’ची एक ओळ घातली होती. काढायची राहिली. मागण्या सरावाच्या नोंदीत पडल्या असतील.”

सरांनी ती नोंद उघडली. सात नावं होती, त्यातलं एक चार वर्षांच्या मुलीचं. पिशव्या निघाल्या तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सौमित्रनं ओळ काढली.

“एक कळलं नाही, सर. ती ओळ मी सगळ्यात वर लिहिली होती. शेवटी लिहिलेलं उरतं, म्हणजे खालच्या ओळीनं ती पुसायला हवी होती. तरी तिचंच कसं चाललं?”

“काही मोड्यूल कुठेही लिही,” अत्तार सर चपला घालत म्हणाले, “बोलतात सगळ्यांच्या शेवटी… तुझ्यासारखीच.”