उघडा वजीर

फार जुनी गोष्ट. एका गावात एक शिंपी होता. बुद्धिबळाचा मोठा शौकीन, पण डाव लांबला की जांभया द्यायचा. डोकं चालवायचा कंटाळा, दुसरं काय!

एकदा एका वाटसरूने त्याला सापळा शिकवला. पाचव्या चालीला घोड्याने प्यादं मारायचं, म्हणजे आपला वजीर उघडा पडतो. मग कपाळाला हात लावून "अरेरे!" म्हणायचं. समोरचा हावरटासारखा वजीर मारतो आणि दोन चालींत मात खातो.

झालं! शिंप्याने चाली घोकल्या. "अरेरे!" तर आरशासमोर बसून घोकलं. मग दुकानात एकेकाला बोलावून हरवलं. हरलेला गप्पच राही. फुकटच्या वजिरावर झडप घातली, हे कोण कुणाला सांगणार?

गावातले गुरुजी देवळात मुलांना बुद्धिबळ शिकवत. त्यांची नजर अधू झाली. ते म्हणाले, "यंदा जत्रेत जो जिंकेल, त्याने माझा शिसवी पट घ्यावा आणि मुलांना शिकवावं." शिंप्याला गुरुजी म्हणवून घ्यायची भारी हौस. तो पट त्याला हवाच होता.

जत्रेत शेवटचा डाव पडला म्हाताऱ्या कुंभारकाकांशी. सगळं गाव भोवती बसलं.

पाचव्या चालीला शिंप्याने घोडा हलवला आणि कपाळाला हात लावला. "अरेरे!"

काकांनी पट पाहिला. "अरे बाबा, वजीर उघडा पडला की तुझा! घे, चाल मागे घे."

शिंपी चपापला. "नको काका, झाली ती झाली. तुम्ही मारा."

"छे! तुझा हात चुकला आणि मी त्यावर ताव मारू? मला नाही पचायचं ते." काकांनी स्वतःच घोडा आणि प्यादं जागेवर ठेवलं.

बघणाऱ्या कित्येकांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातल्या एकानेही शिंप्याला असं सांगितलं नव्हतं.

आता खेळायचं काय? शिंपी भलत्याच चाली करू लागला. "हत्ती सांभाळ रे," काका म्हणायचे. थोड्या वेळाने, "उंट सांभाळ." शिंप्याचे कान लाल झाले. शेवटी त्याच्यावर मात झाली.

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "गुरुजी, याला आज बरं दिसत नाही. पट राहू द्या. आम्ही उद्या पुन्हा खेळतो."

शिंप्याला ते सोसेना. "काका, हात चुकला नव्हता माझा. ते 'अरेरे' खोटं होतं. तुम्ही वजीर मारावा म्हणून मी टपून बसलो होतो. मला लाज वाटते हो!"

कुणीच हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

पट काकांना मिळाला. दुसऱ्या दिवशी देवळात मुलांच्या रांगेत शेवटी शिंपी मांडी घालून बसला होता.

"तुम्ही इथे कसे?" एका मुलीने विचारलं.

शिंपी खाली बघत म्हणाला, "मला सहावी चाल शिकायची आहे."

तात्पर्य: दुसऱ्याच्या हावेवर मांडलेला डाव भल्या माणसापुढे चालत नाही, तिथे स्वतःलाच खेळता यावं लागतं.