टोक घासलेला खंजीर

"किती जुना असेल हा?"

उस्ताद इलियासांनी खंजीर शिष्यापुढे सरकवला.

कॉकेशसच्या डोंगरातलं हे हत्यारं घडवणाऱ्यांचं गाव. शिष्य कुरबान परगावचा, नुकताच आलेला. पोरगा हुशार, पण शहाणपणाचं त्याचं त्यालाच भारी कौतुक.

समोर हालिमात बसली होती. म्हातारीचे डोळे कधीच गेले होते. एकुलता एक मुलगा जबरैल लढाईवर गेला, तो परत आलाच नाही. कसली खबरबातही नाही.

त्या गावात मरणाची खूण हाती आल्याशिवाय कुणासाठी रडत नसत. जिवंत माणसाला रडणं बाधतं, असं मानत. आणि जितेपणी कुणी आपला खंजीर कमरेपासून दूर करत नसे. म्हणून बाई इतकी वर्षं आवंढे गिळून होती.

हा खंजीर तिच्या पुतण्याला खालच्या बाजारात मिळाला. जबरैलचाच, घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असावा, असं त्याला वाटलं. पण मूठ नवी, म्यान नवं. तिच्या बोटांना ओळख पटेना. म्हणून ती उस्तादांकडे आली होती.

कुरबानला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाई खंजीर विकायला आलीय आणि उस्ताद आपली परीक्षा घेतायत, एवढंच त्याला वाटलं. गडी खुलला.

पातं उजेडात धरून तो सांगू लागला. दोन्ही अंगांच्या पन्हळी समोरासमोर नाहीत, म्हणजे काम याच खोऱ्यातलं. पोलाद पाहता शंभर वर्षांपूर्वीचं तरी. मूठ मात्र कालपरवाची, कुणा अडाण्यानं बसवलेली.

"अजून एक आहे," कुरबान म्हणाला. "टोक कधीतरी मोडलं होतं. घासून नवं काढलंय. आणि हा हात मी ओळखतो, उस्ताद. तुमचाच आहे."

"अक्रोड फोडताना मोडलं त्यानं," हालिमात हळूच म्हणाली. "मी केवढी रागावले होते त्याला."

कुरबानच्या हातातलं पातं खाली आलं.

म्हातारीनं उस्तादांच्या दिशेनं तोंड वळवलं.

"मग आता मी रडू का?"

उस्तादांनी होकारार्थी मान हलवली. तिला ती दिसली नाही. ती वाट पाहत राहिली.

"रड, बाई," उस्ताद कसेबसे म्हणाले.

ती रडली. फार मोठ्यानं रडली. बाहेर थांबलेला पुतण्या आला आणि तिला हाताला धरून घरी घेऊन गेला.

कुरबानला वर बघवेना. मग त्यानं विचारलं, "तुम्ही ओळखला होता?"

"बघताक्षणी."

"मग मला का बोलायला लावलंत?"

"माझ्याच्यानं सांगवेना. तुला अजून नुसता खंजीर दिसतो."